चुकीच्या उत्तरांची तयारी

सिंपली सपोर्टेड बीम, पूर्ण लांबीवर यूडीएल (समान पसरलेला भार); जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट काढा. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या वर्गातला हा अगदी नेहमीचा प्रश्न. पण तो मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर चढवायचा तर आधी शिक्षकाला तो चुकीच्या वाटांनीही सोडवून पाहावा लागतो. मला हे काम मनापासून आवडतं.

मूडलला जोडता येणारं ‘स्टॅक’ हे साधन ख्रिस सँगविन यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात घडवायला सुरुवात केली. त्याच्या पाठीशी मॅक्झिमा ही बीजगणित जाणणारी प्रणाली असते, आणि प्रत्येक उत्तरासाठी वेगळी शाखा लिहिता येते.

स्पॅन 6 मीटर, भार मीटरला 10 किलोन्यूटन. उत्तर 45 किलोन्यूटन-मीटर. कुणी 180 लिहिलं, तर त्याने कँटिलिव्हरचं सूत्र लावलंय. 30 आलं, तर फिक्स्ड बीमच्या टोकाचं. आणि 90? हे उत्तर सगळ्यांत बोलकं. मुलाने रिअ‍ॅक्शन बरोबर काढली, 30. तिला 3 मीटरने गुणलं आणि तिथेच थांबला. डाव्या अर्ध्या भागावरचा भार वजा करायचा राहिला. नुसती फुली मारली तर त्याला यातलं काहीच कळत नाही. म्हणून त्या शाखेत मी उत्तर देत नाही, विचारतो: ‘बीम मधोमध कापला, तर डाव्या तुकड्यावर कोणकोणती बलं उरतात?’

स्टॅकमध्ये आकडे प्रत्येकाला वेगळे मिळतात. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून उपयोग नाही, पद्धत मात्र खुशाल विचारावी. त्या कुजबुजीतून मुलं खरंच शिकतात. आकड्यांची निवडही जपून करावी लागते. स्पॅन 2 मीटर ठेवला, तर वर्ग करण्याऐवजी दुप्पट करणाऱ्याचंही उत्तर बरोबर येतं. तो आकडा मी यादीतून काढूनच टाकतो.

बेंडिंग मोमेंट डायग्राम मात्र कागदावरच हवी. आकडेमोड तपासण्यातून वाचलेला वेळ मी तिथे घालवतो. पॅराबोलाच्या जागी सरळ रेषांचा त्रिकोण दिसला, की या मुलाने सगळा भार मध्यावर गोळा केलाय हे लगेच कळतं. मग त्याला जवळ बसवून पाव स्पॅनवर सेक्शन घ्यायला सांगतो.