‘झाला’ आणि ‘झाला आहे’

जन्मदाखल्यावर जिल्हा छिंदवाडा आणि आजच्या पत्त्यात पांढुर्णा, याचा खुलासा इंग्रजी अर्जात करावा लागतो. तिथे पुष्कळ जण लिहितात, ‘पांढुर्णा हॅज बिकम अ डिस्ट्रिक्ट इन 2023.’ हे चूक. मराठीत ‘2023 मध्ये झाला आहे’ चालते, हिंदीतही ‘हुआ है’ खपते, म्हणून कानाला खटकत नाही. इंग्रजीत सरलेले साल किंवा ‘यस्टरडे’ आले की ‘हॅज’ जाते, ‘बिकेम’ लिहा. साल दिले नाही तर ‘हॅज बिकम’ बरोबर. ‘सिन्स’ असेल तर गोष्ट आजही चालू असते, म्हणून ‘मोहगाव हॅज बीन इन पांढुर्णा डिस्ट्रिक्ट सिन्स 2023.’ त्याआधीचे साधे ‘वॉज इन छिंदवाडा डिस्ट्रिक्ट’. (हाक आली की घरात बसूनच आपण ‘आलोच’ म्हणतो, त्याचे मात्र ‘आय केम’ करू नका, तिथे ‘आय ॲम कमिंग’.)