रुईचं कडू दूध

पोरांनो, शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, ती रुई कुणी मुद्दाम लावत नाही. पन्हाळ्याकडं जाताना माळावर, बांधाला ती आपली आपण वाढते आणि दरसाल फुलते. उन्हाळ्यात सगळा माळ करपला तरी ही हिरवी. मुळं खोल गेलेली असतात ना!

मला विचाराल तर कुंपणाला एक तरी रुई असावीच.

पान तोडलं की पांढरा चीक ठिबकतो. तो विषारी, म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण बिबळ्या कडवा नावाचं नारिंगी फुलपाखरू याच पानांवर एकेक अंडं घालतं. काही दिवसांत अळी बाहेर येते. काळेपांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. तिची अक्कल बघा! चिकानं तोंड चिकटू नये म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते. वरच्या अंगाला पाट फोडला की उसाच्या खालच्या सरीत पाणी पोचत नाही, तसंच. चीक तिथंच गळतो आणि पुढचं पान ती निवांत खाते. पोटात गेलेलं विष मात्र ती जपून ठेवते, फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहतं. एकदा चोच मारून ओकलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच ते इतकं संथ, बिनघोर उडतं.

फुलात परागाची सुटी पूड नसते. दोन इवल्या पिशव्या एका चिमट्याला जोडलेल्या असतात. मधासाठी बसलेल्या मोठ्या काळ्या भुंग्याचा पाय फटीत सरकतो, चिमटा त्याला अडकतो आणि पिशव्या दुसऱ्या फुलाकडं निघतात.

लावायची तर फळ तडकताच, म्हातारी उडायच्या आत, बी धरा. पावसाच्या तोंडाला निचऱ्याच्या, उन्हाच्या जागी पेरा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा. आणि पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारायचं नाही. त्यासाठीच तर लावली!

अजून एक नवल. दुसऱ्याच एका जातीची मादी हुबेहूब या बिबळ्यासारखी नटते. तिच्या अंगात विष नाही, पण पक्षी फसतात. तिचा नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. तिच्या अळ्या खातात ती आपली घोळ. तेव्हा रुईच्या बुडातली घोळ सगळीच भाजीला खुडू नका.