मालेगावच्या किल्ल्यातले अरब

मे १८१८. पेशवाई बुडाल्यात जमा होती आणि खानदेशातले एकेक ठाणे इंग्रजांच्या हाती पडत होते. मालेगावचा भुईकोट मात्र पडेना. मोसम नदीच्या काठचा हा किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांचा. पंचवटीतली घंटा ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, तेच हे नारोशंकर. आत साडेतीनशेच्या आसपास अरब शिपाई होते. बाहेर कर्नल मॅकडॉवेलची फौज होती. २९ मेच्या पहाटे इंग्रजांनी हल्ला केला. तोफांनी पाडलेल्या खिंडारावर नॅटेस नावाचा तरुण इंजिनिअर अधिकारी चढला, पलीकडे पाहून ‘अशक्य’ एवढेच म्हणाला आणि गोळ्या लागून जागीच कोसळला. हल्ला फसला. पुढे जूनमध्ये किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले, तेव्हा कुठे अरबांनी बोलणी सुरू केली. तोवर इंग्रजांचे दोनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले होते.

खरी गंमत पुढे आहे. शरणागतीचा कागद मराठीत लिहिला गेला. अरब शिपाई, इंग्रज सेनापती आणि मधला करार मराठी! मुनशीच्या हातून त्या कागदात इंग्रजांच्या मनात होते त्यापेक्षा बरेच जास्त वचन दिले गेले. मॅकडॉवेलला वेगळे म्हणायचे होते, पण अरबांच्या हातात सहीचा कागद होता. प्रकरण दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याच्याकडे गेले आणि त्याने शब्दाला जागून उदार अर्थ लावायला सांगितले. जिंकणाऱ्याने असे वागण्याची उदाहरणे त्या काळात फार नाहीत, म्हणून एल्फिन्स्टनला त्याचे श्रेय द्यायला हवे. अर्थात अरबांना दख्खनमधून घालवायचे हे त्याचे धोरण होतेच, त्यात फरक पडला नाही.

हे अरब इथे आले कुठून? बहुतेक जण येमेनच्या पूर्वेकडच्या हद्रमौत भागातले. कोरडा, दुष्काळी मुलुख. टोळ्यांची आपापसात भांडणे. पोट भरायचे तर बाहेर पडायचे. पेशवे, नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड, हैदराबादचा निजाम अशा सगळ्यांनी त्यांना पदरी ठेवले आणि इथल्या पायदळापेक्षा जास्त पगार दिला. पगार थकला की हेच लोक मालकाचा किल्ला अडवून बसत, हीही दुसरी बाजू. बडोद्यातून १८०३ च्या आसपास त्यांना बळाने काढावे लागले. नागपुरात सीताबर्डीच्या लढाईनंतर त्यांनी शहर धरून ठेवले. मराठी राज्ये संपली तसे त्यांच्यातले पुष्कळ जण निजामाच्या चाकरीत गेले. मराठवाड्यात त्यांच्या वंशजांची, चाऊस आडनावाची घरे आजही आहेत. कुणी शिक्षक आहे, कुणी व्यापारी, कुणी तालमीतला पैलवान. अमेरिकेत स्थायिक झालेले हैदराबादी अभ्यासक उमर खालिदी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात हिंदुस्थानातल्या हद्रमी अरबांवर सविस्तर लिहिले, पण ते इंग्रजीत. मालेगावच्या वेढ्याची हकीकत आपण १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमधून, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या बाजूकडून वाचतो. आतल्यांनी घरी काही लिहिले असेल का, हा प्रश्न मराठीत फारसा कुणी विचारलेला नाही.

अरबांशी नाशिकचा संबंध याच्याही हजार वर्षे मागे जातो. राष्ट्रकूट राजा गोविंद तिसरा याचा इ.स. ८०८ च्या सुमाराचा ताम्रपट दिंडोरी तालुक्यात वणीला सापडला. तो मयूरखंडी इथून दिलेला आहे. सप्तशृंगगडासमोरचा मार्कंड्या म्हणजेच ही मयूरखंडी, असे काही अभ्यासक मानतात. त्याच घराण्याच्या राजाला अरब लेखक ‘बल्हरा’ म्हणतात. आपल्या ताम्रपटांतला ‘वल्लभराज’ तो हाच. इ.स. ८५१ च्या एका अरबी वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा आणि रूमचा राजा यांच्या जोडीला हा कान टोचलेल्यांचा राजा बसवलेला आहे. अरबांवर बल्हराचे प्रेम आहे म्हणून त्याच्या घरातले राजे दीर्घायुषी होतात, अशी लोकांची समजूतही तिथे नोंदवली आहे. व्यापाऱ्याने लिहिलेले असल्याने त्यातली खुशामत वजा करावी. तरी अमोघवर्षाने साठाहून अधिक वर्षे राज्य केले, हे तर खरेच!

मसऊदी हा बगदादचा लेखक त्यापेक्षा जास्त भरवशाचा. तो हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, चौलला होता. अरबीत चौलचे नाव सैमूर, सोपाऱ्याचे सुबारा, संजाणचे सिंदान. सैमूरमध्ये सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे तो लिहितो. तिथला राजा त्याने झंझ सांगितला आहे. हा झंझ उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत सापडतो, म्हणजे दोन्ही साधने एकमेकांची साक्ष देतात. आणखी एक साक्ष पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीची. इ.स. ९२६ च्या तिथल्या ताम्रपटात संजाणचा कारभारी एक ताजिक, म्हणजे अरब आहे. संस्कृतात त्याचे नाव मधुमती, म्हणजे मुहम्मद. नदीवर फुकट तरीची सोय, प्रवाशांसाठी अन्नछत्र आणि भगवतीच्या मठिकेला जमीन, असा त्याचा कारभार. दिनेशचंद्र सरकारांनी हे ताम्रपट वाचून छापले. दहाव्या शतकातल्या कोकणचे हे चित्र एका भाषेतल्या साधनांतून कधीच पुरे झाले नसते.

पुढे प्रवासी इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून चीनकडे वकील म्हणून निघाला, तो दौलताबादेवरून नंदुरबारला आला. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल तो लिहितो: हे लोक कारागिरीत, वैद्यकात आणि ज्योतिषात निष्णात, खाणे भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल, जेवणाआधी अंग धुतात, सात पिढ्यांपर्यंत नाते असेल तर लग्न करत नाहीत, दारू पिणे हा सर्वांत मोठा दोष मानतात. खानदेशी घरातल्या कुणालाही यातले निम्मे तरी ओळखीचे वाटेल. मामाच्या मुलीशी सोयरीक करणारे मात्र सात पिढ्यांच्या कलमावर हसतील. दौलताबादची द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे वाक्य तर आमच्या बागायतदारांनी भिंतीवर लावावे.

हे सगळे आपण वाचतो कशातून? मसऊदी आणि पूर्वीचे वृत्तांत एलियट-डाउसनच्या १८६७ च्या इंग्रजी खंडातून, इब्न बतूता बडोद्याहून निघालेल्या महदी हुसेन यांच्या इंग्रजी भाषांतरातून. फारसीच्या बाबतीत मराठी इतिहासकार असे थांबले नाहीत. ग. ह. खऱ्यांनी फारसी शिकून भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ खंडाखंडाने काढले. सेतुमाधवराव पगडींनी मोगल काळाची साधने मराठीत आणली. अरबीच्या वाट्याला असा माणूस आला नाही. सय्यद सुलेमान नदवी काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसी शिकवत होते, पुढे त्यांनी अरब आणि हिंद यांच्या संबंधांवर मोठा ग्रंथ लिहिला, तोही उर्दूत. मराठी अभ्यासकांनी त्याचा पाठपुरावा फारसा केला नाही.

अरबी वाचणाऱ्यांचा तुटवडा आहे म्हणावे, तर नाशिक जिल्ह्याला तसे म्हणायची सोय नाही. नाशिकपासून शंभर-एक किलोमीटरवर मालेगाव आहे. जामिया मोहम्मदिया मन्सूरा, मअहद-ए-मिल्लत, मुलींसाठीची जामियातुस्सालेहात अशा शिक्षणसंस्थांतून तिथली पोरे-पोरी लहानपणापासून अरबी शिकतात. हदीस आणि व्याकरण त्यांना येते. मसऊदीचे गद्य त्यांना अवघड जाऊ नये. त्यांच्यापुढे इतिहासाचे पान कुणी ठेवत नाही, आणि आमच्या इतिहास विभागांना त्यांचा पत्ता विचारावासा वाटत नाही. दुबईच्या बाजारात कांद्याला काय भाव मिळतो, हे लासलगावात सगळ्यांना माहीत असते. अरबांनी आपल्याबद्दल काय लिहून ठेवले, हे मालेगावात विचारायला मात्र वेळ नसतो. यात दोन्हीकडच्या संशयाचा वाटा आहे, हेही उघड बोलायला हवे.

काम अवाढव्य नाही. चौलबद्दलची मसऊदीची पाने, बल्हराबद्दलचे उतारे आणि दौलताबाद-नंदुरबारचे इब्न बतूताचे वर्णन मिळून एक लहानसे पुस्तक होईल. मूळ अरबी, समोर मराठी, खाली ताम्रपटांशी ताडून दिलेल्या टिपा. मालेगावचा एक अरबी जाणणारा आणि नाशिकचा एक पुराभिलेख वाचणारा, असे दोघे एका टेबलाशी बसले तर वर्षाच्या आत ते छापून होईल. नाशिकच्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी यंदा एवढे मनावर घ्यावे. पहिली बैठक मालेगावच्या किल्ल्यातच ठेवावी.