शनिवार, दुपारी तीन

पुण्यात हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री साडेआठला आपण फुलहॅम या फुटबॉल क्लबची मॅच टीव्हीवर थेट बघू शकतो. लंडनमध्ये त्याच मैदानाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याला मात्र ती घरच्या टीव्हीवर दिसत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत. ही बंदी १९६०च्या दशकातली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांचा आग्रह होता, की मोठ्या मॅच घरबसल्या दिसू लागल्या तर छोट्या क्लबांच्या मैदानाकडे कोण फिरकणार?

लंडनला दोन दिवसांत दोन-तीन मॅच बघायच्या असतील, तर आधी हे समजून घ्यावं. टीव्हीला हवी असलेली मॅच शनिवारी नेहमीच्या तीन वाजता ठेवून चालत नाही, म्हणून ती हलवतात. कधी शनिवारी साडेबारा किंवा साडेपाच, कधी रविवारी दोन किंवा साडेचार, तर कधी थेट शुक्रवार-सोमवारची रात्र. गुरुवारी युरोपातल्या स्पर्धेत खेळलेला क्लबही बहुधा रविवारी जातो. जूनमध्ये वर्षभराचं वेळापत्रक येतं ते कच्चंच. टीव्हीच्या मॅच साधारण पाच-सहा आठवडे आधी ठरतात. विमानाचं तिकीट त्याआधी काढावं लागलं, तर शुक्रवारी पोचून मंगळवारी निघावं. केवळ जूनच्या यादीवर विसंबून शनिवार-रविवारची हॉटेलं भरणं म्हणजे बाजारात तुरी.

२०२५-२६च्या हंगामात लंडनचे सात क्लब प्रीमियर लीगमध्ये होते, पण ते सगळे एकाच दिवशी घरच्या मैदानावर खेळत नाहीत. आर्सेनल आणि टॉटनम शेजारी, तसेच चेल्सी आणि फुलहॅम. दोन्हीकडची गर्दी एकदम सांभाळायला नको म्हणून एक घरी असला, की दुसरा सहसा बाहेर. तेव्हा एकाचं वेळापत्रक उघडलं, की दुसऱ्याचं अर्धं कळतंच.

आर्सेनलचं तिकीट सभासदांच्याच हाती लागेल तर लागेल. फुलहॅम, ब्रेंटफर्डला वर्गणी भरून सभासद झालं, तर बऱ्यापैकी आशा असते. मैदानाबाहेर कुजबुजणाऱ्याकडून घेऊ नये. परवानगीशिवाय तिकीट विकणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि फसलात तर दाद मागायची कुठे? तिकीट बहुतेक ठिकाणी मोबाइलवरच असतं, तेव्हा बॅटरी जपावी. पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवरच ठेवावी. अनेक मैदानांवर ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत.

माझं मत विचाराल तर मोठी मॅच रविवारी बघावी आणि शनिवारची तीनची वेळ छोट्या क्लबाला द्यावी. दक्षिण लंडनमधला डलिच हॅम्लेट हा त्यातला माझा लाडका. गुलाबी-निळा पोशाख, ईस्ट डलिच स्टेशनपासून चालत काही मिनिटं. खेळाडू इतके जवळ, की एकमेकांवर ओरडलेलं ऐकू येतं. मोठ्या लीगमध्ये मैदान दिसेल अशा जागी बिअर प्यायला मनाई, ती इथे नाही. ग्लास हातात घेऊन कठड्याला रेलावं. बॉब लॉर्डना ज्या मैदानांची काळजी होती, त्यातलंच हे एक.

रविवारी फुलहॅम असेल तर पटनी ब्रिज स्टेशनला उतरावं आणि बिशप्स पार्कातून थेम्सच्या कडेने चालत जावं. वाटेत पाहुण्या संघाचा स्कार्फ गळ्यात असेल आणि तिकीट यजमानांच्या बाजूचं असेल, तर तो मुकाट्याने खिशात घालावा. वास्तुविशारद आर्चिबाल्ड लीचने आखलेला १९०५चा स्टँड तिथे अजून उभा आहे, लाकडी खुर्च्यांसकट. तिथे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, पण मी तिथलंच तिकीट शोधतो.

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी अनेकदा काही गाड्या बंद असतात, आपल्या मेगाब्लॉकसारख्याच. शुक्रवारी रात्रीच कोणती लाइन बंद आहे ते बघून ठेवावं. मॅच संपल्यावर स्टेशनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा पूल ओलांडून पटनीला जावं, काहीतरी खावं आणि तासाभराने गाडी पकडावी.