राउटरच्या दारावरची चाळीस वर्षं

अमेरिकी लष्कराचं मिलनेट १९८३ साली अर्पानेटपासून वेगळं निघालं, तेव्हा नेटवर्कमध्ये शिरायचा रस्ता फोनच्या तारेतून जायचा. मोडेमवरून नंबर फिरवला की पलीकडे 'टॅक' नावाचं यंत्र फोन उचलायचं आणि हव्या त्या संगणकाशी गाठ घालून द्यायचं. फोन करणारा कोण, हे त्या यंत्राला ठाऊक नसे. माणसांची यादी प्रत्येक टॅकमध्ये भरून ठेवणं आणि सतत सुधारत राहणं व्यवहार्य नव्हतं. म्हणून यादी मध्यवर्ती सर्व्हरवर गेली आणि टॅक तिथे विचारू लागला. हाच टॅकॅक्स. एकदा ओळख पटवलेल्या माणसाला पुढच्या संगणकाने पुन्हा पासवर्ड विचारू नये, यासाठी बीबीएन कंपनीतून डिसेंबर १९८४ मध्ये आरएफसी ९२७ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेतली एक नोंद) आली.

१९९१ मध्ये लिव्हिंगस्टन कंपनीने रेडियस आणलं, तेही डायल-अपच्या गिऱ्हाइकांसाठी. ओळख पटली की त्याच उत्तरात परवानग्याही मिळत. इंटरनेट जोडणाऱ्या गिऱ्हाइकाला तेवढं पुष्कळ होतं; राउटरवर काम करणाऱ्या इंजिनिअरला नव्हतं. नव्या पोराने 'शो' चालवावं, 'रीलोड' मात्र चालवू नये, ही अट एका होकारात कशी बसणार? सिस्कोच्या टॅकॅक्स प्लसने ओळख, परवानगी आणि नोंद या तीन गोष्टी सुट्या केल्या. एकेक कमांड सर्व्हरला विचारून चालवता येऊ लागली, आणि ती कोणी कधी दिली तेही लिहिलं जाऊ लागलं. मध्यरात्री लिंक कोणी पाडली, यावर सकाळी रंगणारे वाद या नोंदींनी निम्मे तरी मिटवले असतील.

चाव्या एकाच माणसाच्या डोक्यात राहिल्या तर काय होतं, ते सॅन फ्रान्सिस्कोने २००८ मध्ये पाहिलं. महापालिकेच्या फायबरवॅन नेटवर्कचा इंजिनिअर टेरी चाइल्ड्स याने पासवर्ड द्यायला नकार दिला. त्याला अटक झाली, तरी तो बधला नाही. शेवटी महापौर गॅविन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले, तेव्हा कुठे त्याने ते सांगितले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या हेकेखोरपणावर पुष्कळ लिहिलं गेलं. एका शहराने एका माणसावर एवढं सोडावंच कसं, हा प्रश्न मला जास्त बोचतो.

यादी एका जागी आली, पण राउटर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद कच्चाच राहिला. रेडियस आणि टॅकॅक्स प्लस या दोन्ही व्यवस्थांचा भरवसा राउटर-सर्व्हरमधल्या एका सामायिक गुपितावर आणि १९९२ च्या एमडी५ या हॅश-पद्धतीवर. टॅकॅक्स प्लसमधल्या उणिवा 'सोलर डिझायनर' या नावाने लिहिणाऱ्या संशोधकाने २००० सालीच मांडल्या होत्या. २००४ मध्ये एमडी५ जाहीरपणे फुटलं. तरी टॅकॅक्स प्लसच्या मुदत संपलेल्या मसुद्यावर जगभरचे राउटर चालतच राहिले. त्याची आरएफसी ८९०७ उगवली ती थेट सप्टेंबर २०२० मध्ये, आणि एमडी५ने मजकूर झाकण्याची ही रीत आजच्या कसोटीला उतरत नाही, असं तिनेच नमूद केलं. 'आपलं आतलं नेटवर्क, तिथे कोण ऐकतंय?' या समजुतीवर इतकी वर्षं निघाली. आळसाला याहून सोयीचं कारण मिळणं कठीण.

जुलै २०२४ मध्ये रेडियसवरचा 'ब्लास्ट-रेडियस' हा हल्ला जाहीर झाला. वाटेत बसलेला हल्लेखोर सर्व्हरचा नकार बदलून होकार करू शकतो. त्याला पासवर्ड लागत नाही आणि सामायिक गुपितही लागत नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सिस्को टॅलोसने लिहिलं, की अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरलेल्या 'सॉल्ट टायफून' या हॅकर गटाने टॅकॅक्स आणि रेडियसची रहदारी टिपून त्यांतली गुपितंच मिळवण्याचा उद्योग केला होता.

रेडियस टीएलएस या कूटबद्धतेच्या कवचातून पाठवायची रीत आरएफसी ६६१४ मध्ये लिहिलेली आहे. तिच्यावर तारीख आहे मे २०१२.