हेल्मेट वाढत्या मापाचं नको!

मैत्रिणींनो, फ्रॉक, गणवेश, बूट सारं आपण वाढत्या मापाचं घेतो. पण मूल सीझन बॉलने क्रिकेट खेळू लागलं, की हेल्मेटमध्ये ही काटकसर नको हं! १९९८ साली ढाक्यात रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाजवळ उभे राहिले. डोक्याला चेंडू लागून तीन दिवसांनी गेले.

दुकानातच हेल्मेट घालून, पट्टा बांधून मान हलवायला सांगा. ते डोळ्यांवर घसरता कामा नये. जाळीच्या फटीतून चेंडू आत शिरत नाही ना, तेही पाहा. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. आणि डोक्याला चेंडू लागला, तर ‘काही नाही गं आई’ ऐकू नका. त्या दिवशी खेळ बंद. उलटी, गुंगी दिसली तर तडक दवाखाना!