व्हिनेगरची चाचणी आणि चौथी फेरी

परळला टाटा रुग्णालयाबाहेरचा पदपथ मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. फाइल पोटाशी धरून बसलेले नातेवाईक, गावाकडून आणलेल्या पिशव्या. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळालेली, कुणाची अजून खटपट चालू. या गर्दीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया हमखास असतात आणि अनेकींची हकीकत एकसारखी असते. अंगावरून पांढरे जात होते, मध्येच लाल दिसले, पाळी गेल्यानंतरही डाग पडले. पाणी भरून, घरचे आवरून, कामावर जाऊन उरलेल्या वेळात दवाखाना बसत नाही. मग दुखणे अंगावर काढले जाते. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी दगावतात.

वास्तविक हा कर्करोग भरपूर सवड देणारा. ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यातही पेशी बिघडून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे दहा-पंधरा वर्षे जातात. मधल्या काळात बिघाड सापडला तर तेवढा भाग गोठवून किंवा जाळून काढता येतो. पाश्चात्त्य देशांनी पॅप स्मिअरच्या बळावर हे साधले. पण पॅप स्मिअरला प्रयोगशाळा लागते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाचणारे तज्ज्ञ लागतात आणि अहवाल घ्यायला परत येणारी स्त्री लागते. आपल्याकडे यातले शेवटचे सर्वांत अवघड.

टाटातील डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत वेगळी वाट धरली. गर्भाशयमुखाला चार टक्के ॲसिटिक आम्ल लावायचे आणि मिनिटभराने उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. ॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधला मुख्य घटक, लालबागच्या चायनीजच्या गाडीवर बाटलीत असते तेच. इथे ते मोजून बनवलेले. निकाल तिथल्या तिथे. ही तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तयार केले होते आणि त्यांच्या निदानाची तज्ज्ञ पडताळणी करत होते.

वस्त्यांचे वीस गट पाडले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया. दहा गटांत दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. उरलेल्या दहा गटांत सुरुवातीला फक्त आरोग्यशिक्षण. जून २०१३मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत निष्कर्ष मांडले गेले. तपासणी झालेल्या गटांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. दर लाख स्त्रियांमागे वर्षाला १६ मृत्यूंच्या जागी ११. देशभर हे जमले तर वर्षाला २२ हजार मृत्यू टळतील, असा अंदाज संशोधकांनी वर्तवला.

या अभ्यासावर टीकाही झाली. ज्या गटांना तपासणी मिळाली नाही, त्या स्त्रियांचे काय? देशात नियमित तपासणीची सोयच नसल्याने आरोग्यशिक्षण हीच प्रचलित सेवा, हा संशोधकांचा युक्तिवाद होता. तो कागदावर बरोबर असेलही. पण त्या वस्त्यांतल्या मृत्यूंमुळेच उरलेल्या देशाला हा ३१चा आकडा कळला, एवढे ऋण तरी मानायला हवे.

चाचणी मान्य झाली. २०१६च्या राष्ट्रीय मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ती समाविष्ट झाली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी अशी तपासणी आयुष्यात कधीतरी करून घेतली होती. आम्ल स्वस्त, शिकवणे सोपे, निकाल मिनिटात. मग अडले कुठे?

याचे उत्तर काही अंशी मराठवाड्यात मिळते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने असाच मोठा अभ्यास झाला. तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येक स्त्रीची एकदाच तपासणी झाली. एचपीव्ही चाचणीच्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आम्लाच्या चाचणीच्या गटात मात्र ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. तीच चाचणी मुंबईत यशस्वी ठरली. डोळ्यांनी पाहण्यात काही बिघाड निसटतातच. पहिल्या फेरीत निसटलेला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सापडतो. शिवाय मुंबईत कर्करोग आढळलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८६ टक्के जणींनी उपचार पूर्ण केले. दोन्ही गटांत कर्करोगाचे प्रमाण जवळपास सारखेच होते, मृत्यूंत फरक पडला. म्हणजे जीव वाचवण्यात लवकर सापडण्याचा आणि उपचारापर्यंत पोहोचवण्याचा वाटा मोठा होता.

देशभर पोहोचली ती बाटली आणि प्रशिक्षणाची पुस्तिका. दोन वर्षांनी पुन्हा दार ठोठावणारी, ‘गेल्या वेळी पाळी होती म्हणून राहिलात, आता चला’ म्हणणारी आरोग्यसेविका त्या प्रमाणात पोहोचली नाही. तिच्याकडे गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग आणि वर्षभरातली सर्वेक्षणे आधीच असतात. पडताळणी करणारा तज्ज्ञ आणि चाचणी सदोष आली की पुढे पाठवायची ठरलेली जागा, हेही बहुतेक ठिकाणी अर्धवट. एखादा यशस्वी प्रयोग मोठा करताना खर्च कमी दाखवण्यासाठी नेमकी हीच माणसे कापली जातात. अंदाजपत्रकात आम्लाचा दर लगेच कळतो. एका घराच्या चार फेऱ्यांचा दर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला प्राधान्य देते. तिचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, त्यामुळे संकोचाचा अडसर बराच कमी होईल. पण बहुतेक ठिकाणी अहवाल नंतर येतो आणि सदोष निघालेल्या स्त्रीला शोधून परत आणावे लागते. पुण्यात बनलेली एचपीव्हीची लसही २०२२पासून मान्यताप्राप्त आहे; तिचा खरा लाभ आज शाळेत असलेल्या मुलींना होईल. त्यांच्या आयांना तपासणीच लागेल.

तिशी ओलांडलेल्या स्त्रीने महापालिकेच्या दवाखान्यात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात या चाचणीची चौकशी करावी. ती काही मिनिटांची असते, भूल लागत नाही. आम्ल लावल्यावर थोडे चुरचुरते, एवढेच. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर जावे. मात्र संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर डाग दिसणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट पाहू नये. थेट स्त्रीरोग विभागात दाखवावे.